क्लोई नावाची बाई कागदात का सापडत नाही

तुमच्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या उन्हाळ्यात तुम्ही ह्यूस्टनला मुलीकडे जाणार आहात आणि तिथून मोटारीने लुईझियानातील सेंट फ्रान्सिसव्हिल गावी जाऊन ‘मर्टल्स’ या जुन्या मळेघरात एक रात्र मुक्काम करण्याचा जावईबापूंचा बेत आहे. या घरात क्लोई नावाच्या गुलाम स्त्रीने विषारी केक खाऊ घालून मालकीण व तिच्या दोन मुलींना मारले, त्यांचे आत्मे दिवाणखान्यातील आरशात अडकून पडले आहेत आणि एकंदर दहा खून तिथे झाले आहेत, असे तुम्ही ऐकले आहे. यातील खरे किती आणि ते ठरवायचे कसे, हे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे बॅटन रूज येथे राहून या भागातील जुन्या घरांच्या मालकीहक्काची व वारसापत्रांची कागदपत्रे वाचण्याचे काम करते, त्यामुळे उत्तर भुतांच्या बाजूने नव्हे, कागदांच्या बाजूने देणार आहे. दहा खुनांपैकी एकच कागदावर सिद्ध होतो, क्लोई कुठेही सापडत नाही आणि ज्या तिघांना तिने मारले असे म्हणतात, ते तिघेही आजाराने, वेगवेगळ्या वेळी गेले.

घराची सुरुवातच एका पळपुट्या बंडखोरापासून होते. १७९१ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने दारूवर कर बसवला, तेव्हा पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांनी १७९४ मध्ये उठाव केला. तोच ‘व्हिस्की बंड’ म्हणून इतिहासात ओळखला जातो. या बंडाचा एक पुढारी म्हणजे वकील डेव्हिड ब्रॅडफर्ड. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन जवळजवळ तेरा हजारांची फौज घेऊन निघाले, तेव्हा ब्रॅडफर्ड मिसिसिपी नदीमार्गे निसटून आजच्या सेंट फ्रान्सिसव्हिलजवळच्या बायू सारा येथे पोहोचला. ही भूमी त्या काळी स्पेनच्या ताब्यात होती, म्हणजे अमेरिकेच्या कायद्याच्या कक्षेबाहेर होती. १७९६ च्या सुमारास त्याने तिथे जमीन मिळवून घर बांधले आणि त्याला ‘लॉरेल ग्रोव्ह’ असे नाव दिले. १७९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी त्याला माफी दिल्यावर त्याने कुटुंबाला तिकडे आणले, आणि १८०८ मध्ये तो मरण पावला. सेंट फ्रान्सिसव्हिलचा हा मुलूख इतका गंमतीचा आहे, की १८१० साली इथल्या मळेवाल्यांनी स्पॅनिशांविरुद्ध उठून ‘वेस्ट फ्लोरिडा’ नावाचे स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले आणि ते जेमतेम अडीच महिने टिकले. अर्थात या सगळ्या पुरुषी पराक्रमाखाली जी जमीन कसली जात होती, ती गुलाम केलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांच्या श्रमावर, आणि हे वाक्य मी पुढे पुन्हा लिहिणार नसले तरी प्रत्येक परिच्छेदात ते गृहीत धरावे.

कायदा शिकलेला क्लार्क वुडरफ नावाचा तरुण १८१७ मध्ये ब्रॅडफर्डच्या सारा माटिल्डा या मुलीचा नवरा झाला आणि सासूच्या वतीने मळ्याचा कारभार पाहू लागला. क्लोईची कथा याच दांपत्याभोवती गुंफलेली आहे. प्रचलित रूप असे: वुडरफने घरातील गुलाम मुलगी क्लोई हिला आपली रखेल केली, पुढे मन उडेल आणि शेतात राबायला पाठवतील या भीतीने ती दाराआडून बोलणी ऐकू लागली, एकदा पकडली गेली तेव्हा शिक्षा म्हणून तिचा एक कान कापण्यात आला, आणि तो झाकण्यासाठी ती डोक्याला हिरवा फेटा बांधू लागली. पुन्हा मर्जी संपादन करावी म्हणून तिने वाढदिवसाच्या केकमध्ये कण्हेरीच्या पानांचा अर्क मिसळला, म्हणजे घरच्यांना थोडे आजारी पाडायचे आणि मग सेवा करून बरे करायचे. मात्रा चुकली, सारा व दोन मुली दगावल्या, आणि मालकाच्या रागाला घाबरलेल्या इतर गुलामांनी क्लोईला झाडाला लटकवून नदीत फेकून दिले.

आता कागद पाहू. सारा माटिल्डा २१ जुलै १८२३ रोजी पीतज्वराने गेली. तिचा मुलगा जेम्स आणि मुलगी कॉर्नेलिया गेल हे त्यानंतर एका वर्षाने, १८२४ च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या अंतराने मरण पावले. म्हणजे एकाच केकने एकाच रात्री तिघे गेले, ही गोष्ट मुळातच बसत नाही; शिवाय गेलेल्यांत दोन मुली नसून एक मुलगा व एक मुलगी आहे. मेरी ऑक्टेव्हिया हे तिसरे अपत्य मात्र जगले, तिचे लग्न झाले आणि ती १८८९ पर्यंत हयात होती. या घराचा कागदपत्रांच्या आधारे शोध घेणाऱ्या संशोधकांनी वुडरफच्या मालकीची म्हणून नोंदलेल्या गुलामांच्या यादीत क्लोई किंवा क्लिओ हे नाव शोधले, पण ते सापडले नाही.

‘नाव सापडले नाही’ एवढ्यावर मी एरवी समाधान मानत नाही, कारण आपल्याकडच्या जुन्या दप्तरांप्रमाणे इथेही गरिबांची नावे सहज निसटतात. अमेरिकेच्या १८५० व १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते आणि त्यांत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग व रंग लिहिलेला असे. नावाचा रकानाच जवळपास रिकामा. अशा तक्त्यात क्लोई न दिसणे हा कसलाच पुरावा नाही. पण लुईझियानाचा कायदा इंग्रजी नव्हे, तर फ्रेंच-स्पॅनिश परंपरेतून आलेला आहे, आणि त्यात माणूस मेला की त्याच्या मालमत्तेची तपशीलवार यादी करण्याची पद्धत पक्की होती. त्या याद्यांत नांगर, खेचरे, गालिचे, चांदीचे चमचे यांच्याच ओळीत माणसेही येतात, नाव, अंदाजे वय आणि किंमत यांसह. एखादी स्त्री कुणाच्या शेजारी लिहिली आहे, यावरून तिचे मूल कोणते हे कळते. मी पहिल्यांदा अशी यादी वाचली तेव्हा एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जायला मला वेळ लागला होता. या याद्यांच्या आधारे ‘नाही’ म्हणता येते, जनगणनेच्या आधारे नाही. हा फरक बहुतेक सफरी-वाटाड्यांच्या गावीही नसतो.

कण्हेरीचेही जरा बोलले पाहिजे, कारण मराठी वाचकाला ती ओळखीची आहे. तिच्या सर्व भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारे विष असते, हे खरेच. पण तिचा पाला इतका कडू असतो की गुरेही सहसा त्याला तोंड लावत नाहीत, आणि लहान मुलांनी असा केक आवडीने खाल्ला हे पटणे कठीण आहे. उलट पीतज्वरात माणूस अचानक तापाने फणफणतो, पिवळा पडतो, काळी ओकारी करतो आणि काही दिवसांत जातो. हा रोग एडिस जातीच्या डासांमुळे पसरतो (आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच डास), हे १९०० साली सिद्ध झाले. त्याआधी शंभर वर्षे मिसिसिपीकाठच्या लोकांना तो कुठून येतो हे कळतच नव्हते. १८५३ च्या एका हंगामात एकट्या न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे आठ हजार माणसे त्याने मेली. ज्या रोगाचे कारण दिसत नाही, त्याला मनुष्यरूपी कारण शोधण्याची ओढ साऱ्या जगात सारखीच आहे. आपल्याकडेही देवी-पटकीच्या साथीत करणी करणारी बाई शोधली जातच असे.

पण मग विषच का, आणि विष घालणारी घरकामाची गुलाम स्त्रीच का? मला वाटते, याचे उत्तर मर्टल्समध्ये नसून कॅरिबियन समुद्रात आहे. फ्रेंचांच्या सां-दोमिंग या साखरेच्या वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, माकांदाल नावाच्या पळून गेलेल्या गुलामावर मळेवाल्यांना विष घालण्याचा कट केल्याचा आरोप ठेवून त्याला १७५८ मध्ये जिवंत जाळण्यात आले. पुढे तिथे गुलामांची क्रांती यशस्वी झाली आणि तिथून क्युबात गेलेले निर्वासित, गोरे, मुक्त कृष्णवर्णीय व गुलाम असे मिळून सुमारे नऊ हजार, १८०९ च्या आसपास न्यू ऑर्लिन्सला येऊन उतरले. त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरातल्या हाताची भीतीही आली. दोनच वर्षांनी, जानेवारी १८११ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या नदीकाठी अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठे गुलामांचे बंड झाले, आणि ते मोडून काढल्यावर बंडखोरांची शिरे नदीकाठी खांबांवर टांगण्यात आली. अशा प्रदेशात दरेक मळेवाल्याच्या घरात ‘आपले जेवण कोण रांधते’ हा प्रश्न रात्री झोपताना डोक्यात असणारच. क्लोईची कथा त्या भीतीचे मालकाच्या बाजूने सांगितलेले रूप आहे. त्यात छळ झालेली स्त्री शेवटी खुनी ठरते आणि छळ करणारा पुरुष दुःखी विधुर म्हणून उरतो.

हिरव्या फेट्याची गोष्टही अशीच उसनी वाटते. लुईझियानात कृष्णवर्णीय स्त्रियांनी डोक्याला गुंडाळायच्या वस्त्राला ‘तिन्यों’ म्हणत. १७८६ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने मुक्त कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस असे झाकलेच पाहिजेत असा हुकूम काढला, म्हणजे त्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा उठून दिसू नयेत. त्या स्त्रियांनी मग त्याच वस्त्राची अशी रंगीबेरंगी, डौलदार बांधणी केली, की हुकमाचा हेतूच फसला. कापलेल्या कानाचे झाकण म्हणून तो फेटा कथेत आला, तेव्हा त्यामागचा हा खरा आणि कितीतरी अधिक रंजक इतिहास पुसला गेला.

घराचा पुढचा काळ थोडक्यात सांगते. वुडरफने १८३४ मध्ये मळा, घर व गुलाम रफिन ग्रे स्टर्लिंग याला विकले आणि स्वतः न्यू ऑर्लिन्सला गेला. स्टर्लिंग व त्याची पत्नी मेरी कॉब यांनी १८५० च्या दशकात घर जवळजवळ दुप्पट केले, समोर शंभर फुटांहून लांब ओसरी काढली, तिला द्राक्षघोसांच्या नक्षीचे बिडाचे कठडे लावले आणि भोवतीच्या क्रेप मर्टलच्या झाडांवरून घराला आजचे नाव दिले. ही झाडे मूळची आपल्या आशियाकडची; महाराष्ट्राचे राज्यफूल असलेला ताम्हण याच प्रजातीतला सख्खा भाऊ. तुम्ही जूनमध्ये गेलात तर ओसरीसमोरचा तो गुलाबी बहर पाहून कोकणातील वैशाखाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

आता खुनांची मोजणी. स्टर्लिंगचा थोरला मुलगा लुईस जुगाराच्या देण्यावरून घरात भोसकला गेला, असे सांगतात. दफननोंदीप्रमाणे तो ऑक्टोबर १८५४ मध्ये पीतज्वराने गेला. स्टर्लिंग स्वतः त्याच वर्षी क्षयाने वारला. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात (१८६१-६५) इथे सैनिक मारले गेले, ही गोष्ट तर नुसतीच हवेत आहे. घर आदिवासींच्या दफनभूमीवर बांधले आहे हे विधानही बिनआधाराचे असून, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील जवळपास प्रत्येक भुताच्या घराला ते चिकटवले गेले. खरा खून एकच, विल्यम ड्रू विंटर याचा. तो स्टर्लिंगचा जावई, पेशाने वकील आणि युद्धानंतर सासूच्या मालमत्तेचा कारभारी. २६ जानेवारी १८७१ रोजी कुणी घोडेस्वाराने बाहेरून हाक मारली, विंटर बाजूच्या ओसरीवर आला आणि गोळी लागून तिथेच कोसळला. दंतकथेत मात्र तो रक्तबंबाळ होऊन घरात शिरतो, जिना चढू लागतो आणि सतराव्या पायरीवर पत्नीच्या बाहूंत प्राण सोडतो. वर्तमानपत्रांच्या वृत्तात जिना नाही. पाहुण्यांना मात्र रात्री त्याच्याच पावलांचा आवाज ऐकवतात.

विंटरचे मरण मला क्लोईच्या कथेपेक्षा अधिक खिळवून ठेवते, कारण त्याच्या मागे एक बुडालेली अर्थव्यवस्था उभी आहे. युद्धात दक्षिणेचा कापूस अडकला, तेव्हा इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला आणि मुंबईत शेअरांचे ते प्रसिद्ध वेड माजले. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि मुंबईच्या पेढ्या कोसळल्या, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्याच कापसाच्या दुसऱ्या टोकाला मर्टल्स होते. गुलामगिरी संपली, भांडवल म्हणून मोजली जाणारी माणसे मालमत्तेच्या यादीतून बाहेर पडली, विंटर दिवाळखोरीत गेला, घर हातचे गेले आणि १८७० मध्ये ते पत्नीच्या नावावर परत मिळाले. पुढच्याच जानेवारीत तो मारला गेला. तीन वर्षांची त्याची मुलगी केट १८६१ मध्ये विषमज्वराने गेली होती. १८८० मध्ये मेरी कॉब गेली आणि काही वर्षांत घर कुटुंबाबाहेर गेले.

मग भुते आली केव्हा? हा प्रश्न आमच्या कामात सर्वांत उपयोगी पडतो, कारण दंतकथेलाही थर असतात आणि ते उलट क्रमाने उकलता येतात. घराचा विसाव्या शतकातील इतिहास तपासणाऱ्यांना असे दिसते, की १९५० च्या दशकात नव्या मालकीणबाईंनी जुन्या रहिवाशांकडे विचारणा केली तेव्हा त्यांना हिरवे टोपरे घातलेल्या एका वयस्क बाईचे भूत दिसते एवढेच सांगण्यात आले. ती बाई गुलाम नव्हती, तिचा कान शाबूत होता आणि तिने कुणाला मारले नव्हते. १९७० च्या दशकात घराची दुरुस्ती होऊन ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आले, पाठोपाठ पाहुण्यांसाठी मुक्कामाची सोय झाली, आणि याच काळात टोपऱ्याचा फेटा झाला, बाई तरुण झाली, तिला नाव व गुन्हा मिळाला. १९९२ मध्ये विम्याच्या कामासाठी काढलेल्या एका छायाचित्रात दोन इमारतींच्या मधे एक मानवी आकृती दिसते असे म्हटले गेले, आणि त्या चित्राची पोस्टकार्डे झाली. आरशातील डाग काचेमागच्या जुन्या मुलाम्याच्या झिजेने पडतात, हे जुन्या आरशांची दुरुस्ती करणारा कोणीही सांगेल, पण एकदा ‘बोटांचे ठसे पाहा’ म्हटले की डोळ्यांना ठसेच दिसतात.

इतिहासकार टाया माइल्स यांनी दक्षिणेतील अशा भुतांच्या सफरींचा अभ्यास करून एक मुद्दा मांडला आहे, आणि तो मला मनोमन पटतो. एका बाजूला ज्या गुलाम स्त्रियांचे खरे आयुष्य कुणी ऐकवत नाही, त्यांनाच दुसऱ्या बाजूला रात्रीच्या करमणुकीसाठी पुन्हा पुन्हा छळायला उभे केले जाते. मालक आणि गुलाम स्त्री यांच्यातील बलात्काराला या सफरींत ‘प्रेमप्रकरण’ म्हटले जाते, आणि ऐकणारे हसत पुढच्या खोलीकडे जातात. यावर कोणी म्हणेल की क्लोईच्या निमित्ताने निदान गुलामगिरीचा उल्लेख तरी होतो. पूर्वी मीही असे म्हणत असे. पण वर्षानुवर्षे सफरी ऐकल्यावर लक्षात आले, की पाहुणे बाहेर पडताना क्लोईचे नाव घेतात आणि मालमत्तेच्या यादीतील खऱ्या नावांपैकी एकही त्यांना माहीत नसते.

तेव्हा बेत रद्द करू नका, फक्त क्रम बदला. आधी न्यू ऑर्लिन्सच्या बाजूने जाऊन नदीकाठच्या वॉलेस येथील व्हिटनी मळ्याला अर्धा दिवस द्या. २०१४ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय मालकाच्या घरापासून नव्हे, गुलामांच्या बाजूने गोष्ट सांगते. तिथे ग्रॅनाइटच्या भिंतींवर लुईझियानात गुलाम म्हणून राबलेल्या सुमारे १,०७,००० माणसांची नावे कोरलेली आहेत. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी जुन्या नोंदी चाळून जमवलेल्या माहितीकोशावर ती आधारलेली आहेत. त्यांत क्लोई नावाच्या स्त्रिया जरूर शोधा, कारण हे नाव त्या काळी चांगलेच प्रचलित होते. मग बॅटन रूज ओलांडून पन्नासएक किलोमीटर उत्तरेला सेंट फ्रान्सिसव्हिल गाठा. दिवसा घर पाहा, कारण खरे सौंदर्य त्या ओसरीचे, कठड्यांचे आणि झाडांचे आहे.

तुमची बारा वर्षांची नात आरशाला घाबरेल, असे तुम्ही लिहिले आहे. तिला झोपण्यापूर्वी एवढेच सांगा, की या घरात जेम्स आणि कॉर्नेलिया नावाची दोन भावंडे होती, आईमागोमाग एका वर्षात ती तापाने गेली आणि त्यांची धाकटी बहीण पुढे बरीच वर्षे जगली. त्यांना अंघोळ घालणारी, रात्री उशाशी बसून पंखा हलवणारी बाई कोण होती, असे ती विचारेल. तिचे नाव मला सांगता येणार नाही, पण ती होती हे नक्की आहे.